तुझ्या पानावरचा रस

वहिनी, काल आखाजी झाली. काल तुझ्या नावाची घागर भरली.

एवढं लिहायला मला सकाळची दुपार झाली. माघात तू गेलीस तेव्हा मी वणीला सासरी होते. तार हातात पडून, एसटी धरून मी घरी पोचले तोवर दादा नदीवरून परत आला होता आणि ओसरीत भिंतीला टेकून बसला होता. मला तू गेलेली दिसलीच नाहीस. त्यामुळे इतके दिवस मनातल्या मनात मी तुला राजूरला माहेरी धाडून दिलं होतं. येईल चार दिवसांनी, रेंगी पाठवावी लागेल आणायला, असं. काल घागर पाहिली आणि ते नाटक संपलं. नवी लाल घागर, गळ्याला सूत गुंडाळलेलं, तोंडावर नदीतल्या वाडीचं डांगर, पिवळं खरबूज. आईच्या घागरीला लागून तुझी. तुम्ही दोघी सासवासुना, एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या, अशा शेजारी शेजारी बसल्या होतात.

आता मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि तू मधे बोलायचं नाहीस. तसंही तू मधे बोलायची नाहीसच. मीच बोलायची.

तू आलीस ती फाल्गुनात. त्याआधी मार्गशीर्षात आई गेली होती. घरात बाईमाणूस नाही, वर्षाच्या आत दादाचं लग्न उरकलं नाही तर तीन वर्षं थांबावं लागेल, म्हणून आत्याने घाई केली. त्याच सालात आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. तू पुढे हसून सांगायचीस, "मी लगन करून मुंबईत आली म्हणे, पण समुद्र काही दिसला नाही बाप्पा. बेंबळा नदीच दिसली, तेही कोरडी." मग तीन वर्षांनी महाराष्ट्र झाला तेव्हा म्हणालीस, "पाहा, चुलीपासून उठली नाही अन् तिसऱ्या राज्यात पोचली." दादा हसायचा. मीही हसायची, पण ते पुढे. पहिल्या वर्षी मी तुझ्या कशालाच हसले नाही.

तू सतरा वर्षांची, मी दहाची. तुझे वडील राजूरच्या खाणीत हजेरी लिहायचे. तुझं बालपण कोळशाच्या धुळीत, चाळीच्या दोन खोल्यांत. तू मला पहिल्या दिवसापासून, मी एवढीशी असून, नणंद म्हणून "कुसुमबाई, तुमी" म्हणालीस. मी तुला "कोळशेवाली" म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले. तू नुसते आपले हात उलटे करून पाहिलेस, जणू खरंच काही लागलं असेल.

माझा राग कशाचा होता ते तुला कोणी सांगितलं नसेल. आईचा एक पाट होता, चुलीपुढचा, एका कोपऱ्याला जळलेला. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी तू त्या पाटावर बसून भाकरी थापायला लागलीस. तुला दुसरा पाट कोणी दिलाच नव्हता. पण मला वाटलं, हिला दुसरीकडे बसता येत नव्हतं का. दहा वर्षांच्या पोरीच्या पोटात किती विष मावतं ते मला माहीत आहे, कारण ते माझ्याच पोटात होतं.

आणि मग आली वैशाखातली तीज, आखाजी. आईची पहिली.

आपल्या घरी आखाजीला पितरांच्या पानावर रस पडल्याशिवाय कोणी पिकल्या आंब्याला तोंड लावत नाही. त्यासाठी आठ-दहा दिवस आधी आंबे उतरवायचे, मधल्या खोलीत ते पिकायला गवताचा माच घालायचा, दार लावून घ्यायचं. त्या दाराशी आम्ही पोरं नुसता वास घेत उभी राहायचो. तुला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तू आंबा पाहिलेला तो वणीच्या बाजारातला, टोपलीत ढीग लावलेला. आणि आपल्याकडे तर आंबा नुसता आंबा नसतो. वावराच्या धुऱ्यावर, बांधाला, सहा झाडं, सहांना सहा नावं. शेंदऱ्या गालाला लाल. शेप्याला शेपूचा वास. खोबऱ्या पिकला तरी हिरवाच दिसतो, सुरकुततो, कोणी फुकट दिला तरी घेणार नाही असा, आणि आत साखर. आणि आमट्या. आमट्या दिसायला सोन्यासारखा. जीभ लावली की डोळे मिटतात. तो फक्त लोणच्याचा. तोही थोडा माचात पडलेला असायचा, पोरं मीठ लावून खातात म्हणून.

त्या सकाळी तू चुलीशी होतीस. पुरण, कुरडया, कढी, सगळं आत्याने सांगितलं तसं. आत्या ओसरीत पाहुण्यांत. तू मला म्हणालीस, "बाई, मले काही ओळखू येत नाही. खोबऱ्याचे आनजा बरं, आत्याबाई म्हणे सासूबाईले तोच आवडे."

मी माचाच्या खोलीत गेले. खोबऱ्या डाव्या कोपऱ्यात होता. मी उजव्या कोपऱ्यात गेले.

हे मी कालपर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं, वहिनी. चुकून नाही. अंधार नव्हता. मी बारा आंबे मोजून घेतले, सगळे आमट्याचे, पिवळेधमक, आणि तुझ्यासमोर आणून ओतले. तू खूश झालीस. "किती गोजिरे हायत," म्हणालीस. मला वाटलं होतं, रस पाहुण्यांच्या पानात जाईल, तोंडं वाकडी होतील, आत्या तुला सगळ्यांदेखत बोलेल. एवढंच. आईच्या पानावर तोच रस जाणार हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. रागात माणसाला आपलीच आई आठवत नाही.

तू रस काढलास. वास घेतलास. तुझ्या कपाळाला आठी पडली. मग तू इकडेतिकडे पाहिलंस, करंगळी बुडवलीस आणि चाटलीस. तुझा चेहरा आवळला. तू गुळाच्या डब्याकडे हात नेलास, आणि मी दारातून ओरडत ओसरीकडे पळाले. "वहिनीनं आईचा रस उष्टा केला."

निवदाचं कोणी चाखत नाही. हे तुलाही माहीत होतं. राजूरलाही पितर असतात. पण आंबट रस सासूच्या पानावर वाढायचा की चाखून गूळ घालायचा, यात तू गूळ निवडलास. आत्या आत आली. तो रस तिने गोठ्यात नेऊन ओतला. दुसरा काढायला वेळ उरला नव्हता, आईच्या जागी जेवायला बोलावलेली बाई येऊन बसली होती. त्या वर्षी माझ्या आईच्या पानावर रस पडलाच नाही. दुधाची वाटी ठेवली.

बाबा काही बोलले नाहीत. आत्याच म्हणाली, "नवी हाय, चुकली. पण सासूच्या पहिल्या पानाले चुकली. सालभर आंबा सोड." तू पदर पुढे ओढून म्हणालीस, "सोडला." आंबे कोणी आणले ते तू बोलली नाहीस. आंबट होते हेही बोलली नाहीस. आणि दुपारी, पितरांचं झाल्यावर, तू माचातून खोबऱ्याचा एक आंबा आणलास, माझ्यासमोर बसून सोललास आणि माझ्या हातात दिलास. "घ्या बाई, तुमी सकाळपासून उपाशी हायत." मी खाल्ला. लाज बीज काही वाटली नाही. गोड लागला.

आता माझी गंमत बघ. त्या दिवसानंतर माझा तुझ्यावरचा राग संपला. आपण ज्याचं वाईट केलं त्याच्यावर जास्तच राग येतो असं मी ऐकलं आहे, पण माझं उलटं झालं. मी तुझ्या पाठीपाठी फिरायला लागले. तुला झाडं दाखवायला मीच नेलं. भर उन्हात, डोक्यावर ओलं फडकं टाकून. तू प्रत्येक झाडाचं पान चुरगळून हुंगायचीस. दोन उन्हाळ्यांत तू अशी तयार झालीस की डोळे मिटून, आंबा नाकाशी धरून, नाव सांगायचीस. बाबा मुद्दाम शेंदऱ्या म्हणून पाचव्या झाडाचा गोटी आंबा द्यायचे. तू हसायचीस, "मामंजी, मले फसवू नका." सासऱ्याशी असं बोलणारी सून गावात दुसरी नव्हती.

तुझ्याबरोबरचे ते उन्हाळे. मी आता वणीला राहते ना, तिथे अंगणात धुतलेली चादर वाळत घातली तर काढताना काळी होते. तिथे बसून मला काय काय आठवतं. सकाळी बेंबळेच्या वाळूत आपण झिरा उकरायचो. तू कोपरापर्यंत हात घालायचीस, गढूळ पाणी उपसायचीस, आणि मग खालून नितळ पाणी यायचं तेव्हा पहिली ओंजळ मला द्यायचीस. वाडीवाला भोई डांगर फोडून द्यायचा, बिया आपण पदरात बांधून आणायचो. दुपारी सरगुंडे. तुरीच्या काडीवर कणकेची दोरी गुंडाळायची, काडी ओढून घ्यायची, बाजेवर वाळत घालायचं. मी दहा करायची तोवर तुझी पन्नास व्हायची, आणि तरी तू म्हणायचीस, "बाईचे सरेस हायत, माहे वाकडे." सरगुंडे उकडून रसात बुडवून खायचे. सगळ्यांची ताटं भरायचीस तू, आणि स्वतः सरगुंडे दुधाशी खायचीस.

सालभराचा नेम होता. साल संपलं, पुढची आखाजी आली, आत्याने स्वतः सांगितलं, "आता खाय वं." तू म्हणालीस, "सवय गेली आत्याबाई." कधी म्हणालीस, पचत नाही. मीरा पोटात होती तेव्हा म्हणालीस, नकोच वाटतो. गर्भारपणी आंबा नको वाटणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. दर उन्हाळ्यात मी फोड घेऊन तुझ्या मागे लागायची, "एक तरी खा." तू ती फोड मीराच्या तोंडात घालायचीस. दर उन्हाळ्यात मी चिडायची. मला वाटायचं, तू खाल्लास की माझी सुटका होईल. तुझ्यासाठी नाही, वहिनी. माझ्यासाठीच मागे लागायची.

मागच्या वैशाखातलं भांडण तुला आठवतं. मी माहेरी आले होते, परत जायचा दिवस, दारात रेंगी जुंपलेली. तू माझ्यासाठी टोपलीत आंबे भरत होतीस, खाली पळसाची पानं, वर खोबऱ्या. एकेक आंबा नाकाशी नेऊन ठेवत होतीस. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हा तुझा हट्ट हाय. मले टोचायले करून राह्यली तू."

तू हात थांबवलास. म्हणालीस, "तुमाले कायले टोचू बाई. मी सासूबाईले पाह्यलं नाही. त्याहिच्या हातचं खाल्लं नाही, त्याहिच्या शिव्या खाल्ल्या नाहीत. त्याहिच्या नावानं आंबा सोडला, तेवढीच आमची वळख. ते बी सोडू काय?"

मला त्याच क्षणी सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण दादाने बैल वळवले, आणि मी टोपली उचलून चढले, फणकाऱ्यात, मागे न पाहता. तू दारात उभी होतीस हे मला मीराने पुढे सांगितलं. ते आंबे मी वणीला नेऊन वाटून टाकले. एक खाल्ला फक्त.

नवी सून म्हणजे काय ते मला तोवर कळलं होतं, म्हणून तर जिभेवर आलं. माझ्या सासरी मीठ कुठल्या डब्यात असतं ते मला दोन महिने सापडत नव्हतं. एकदा माझ्या धाकट्या नणंदेने मला जिऱ्याऐवजी शोपेचा, बडीशेपेचा, डबा दिला, हसत हसत. मी आमटीत घातली, बोलणी खाल्ली, आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात बसून खूप रडले. शोपेसाठी नाही रडले.

आता कालचं सांगते.

आत्या आली होती. गुडघे गेलेत तिचे, तरी आली. स्वयंपाक माझ्याकडे. मीरा माझ्या मागे पुढे. दहा वर्षांची झाली ती, वहिनी. फार बोलत नाही. तुझ्या पाटावर मी बसले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मी तो पाट ओळखते आणि ती नजरही ओळखते. मी उठले, पाट भिंतीला लावून ठेवला आणि पोत्यावर बसले. मग ती जवळ आली.

मी तिलाच म्हटलं, "मीरा, आजीला अन् तुझ्या आईला रस करायचा. खोबऱ्याचे आणजो." ती गेली आणि हिरवे, सुरकुतलेले, कोणी फुकट न घेणारे आंबे घेऊन आली. एकेक नाकाशी धरून आणलेला.

पानं मांडली आणि ओसरीत वाद लागला. दादा म्हणाला, "तिच्या पानावर रस नको वाढू. तिनं सोडला होता." आत्या म्हणाली, "जितेपणी सोडलं ते पितराले लागू होत नाही, रसाबिगर पान कसं?" दादा कधी आत्याला उलट बोलत नाही, काल बोलला. "बारा वर्सं तिनं पाळलं, आता मी मोडू काय?" तुझ्या जागेवर जेवायला शेजारची रुखमाकाकू बसली होती, नवं लुगडं नेसून. पितर म्हणून बसलेलं माणूस बोलत नाही, म्हणून ती बिचारी एकदा दादाकडे, एकदा आत्याकडे पाहत होती.

मी रसाचं गंज, ते मोठं पातेलं, घेऊन दारात उभी होते. त्याच दारात.

मी म्हटलं, "त्या वर्षी खोबऱ्या मागितला होता तिनं. आमट्या मी आणून दिला. पाहून दिला. चूक तिची नव्हतीच, तर सोडलेलं कायचं?"

मी गंज खाली ठेवलं. आत्या माझ्याकडे पाहतच राहिली. मग बाबा बोलले. बाबांना आता नीट दिसत नाही, ते जिकडे आवाज येतो तिकडे तोंड करतात.

"मले माईत हाय," ते म्हणाले. "आत्या गोठ्यात वतत होती तवाच वास आला. आमट्या मीच लावला, मले नाही कळणार?"

"मग बोलले काहून नाही?"

"मी बोलणारच होतो. सून आली, घोंगडीपाशी उभी राह्यली, अन् म्हणे, मामंजी, बाईले काही बोलू नका. तिची माय गेली हाय. मले वर्षभर आंबा नसला त चालते." बाबांनी खालची घोंगडी चाचपली. "सतरा वर्साची पोट्टी व्हती. मी आपल्या पोरीले वाचवलं अन् लोकाच्या पोरीले उभं केलं. मी बी तितकाच हाय."

म्हणजे तुला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी. तो सोललेला आंबा तू मला दिलास तेव्हाही ठाऊक होतं. बारा उन्हाळे मी तुझ्यापासून जे लपवत होते ते तू माझ्यापासून लपवत होतीस, मला लाज वाटू नये म्हणून. वहिनी, मी तुझ्यावर किती चिडत होते. तुला थँक्यू बिंक्यू म्हणायची आपल्याकडे रीत नाही, पायावर डोकं ठेवायची आहे, आणि तेही मी फक्त सणावारी, उरकल्यासारखं केलं. आता तुझे पाय कुठून आणू?

दादा डोळे पुसत होता. आत्या हळूच म्हणाली, "वाढ वं कुसुम."

मी मीराला बोलावलं. सगळ्यांसमोर तिच्या तळहातावर रसाचा थेंब ठेवला. ती घाबरली. "आत्या, निवदाचा हाय नं."

"हाय. चाखून पाह्य. तुह्या मायले आंबट जायले नको."

तिने आत्याकडे, मोठ्या आत्याकडे पाहिलं. आत्याने मान खाली घातली. मीराने तळहात चाटला. मग म्हणाली, "गोड हाय."

मी आधी आईच्या पानावर वाटी ठेवली. मग तुझ्या. आईची बारा वर्षांपूर्वीची एक वाटी माझ्याकडे राहिली होती, म्हणून तिला दोन ठेवल्या.

रुखमाकाकू जेवायला लागली. पुरण खाल्लं, कुरडई मोडली. रसाची वाटी तिने दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावली, तू झिऱ्याचं पाणी प्यायचीस तशी. वाटी रिकामी केली. आणि, बोलायचं नसतं म्हणून, नुसती माझ्यापुढे सरकवली.

मी ती काठोकाठ भरली.